घराची चिकटवही : धावपळीच्या संसारात वेळ कसा काढावा?

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी मृत्यू घडला की पहिल्या दोन तासांतच एक शोध सुरू होतो. चर्चच्या सूचनाफलकासाठी, वृत्तपत्रातील निधनवार्तेसाठी आणि शवपेटीजवळ ठेवण्यासाठी मृत व्यक्तीचा चांगला फोटो हवा असतो. कपाटावरची जुनी सूटकेस खाली येते, कुणी मोबाईल चाळू लागतो, आणि अखेरीस एखाद्या लग्नाच्या समूहछायाचित्रातून चेहरा कापून मोठा केला जातो. त्याच छायाचित्रात मागील रांगेत लाल लुगड्यातील एक वृद्धा उभी असते. ती कोण, असे नातवंडे विचारतात. ज्या एका व्यक्तीला ते ठाऊक होते, तीच व्यक्ती आज शवपेटीत असते.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आलेला आहे. आज छायाचित्रांची उणीव कोणत्याही घरी नाही. उणीव आहे ती छायाचित्राखाली चार ओळी लिहिण्यासाठी लागणाऱ्या वेळेची. म्हणूनच चिकटवही, ज्याला शहरी मुले ‘स्क्रॅपबुक’ म्हणतात, या साध्या गृहोद्योगाचा येथे थोडा विचार करू या.

चिकटवही म्हणजे काय?

अल्बममध्ये केवळ छायाचित्रे असतात. चिकटवहीत छायाचित्राबरोबर त्या प्रसंगाचा एखादा कागद असतो, लग्नाची पत्रिका, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे स्मृतिचित्र, परदेशातून आलेले पत्र, मुलाने काढलेले पहिले चित्र. आणि त्याखाली घरातील कुणाच्या तरी हस्ताक्षरात त्याची माहिती असते. ही कल्पना नवीन नाही. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली, आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट मिळवले होते. आज या छंदासाठी रंगीत कागद, नक्षीच्या कात्र्या, चिकटचित्रे यांची मोठी बाजारपेठ उभी आहे. त्यामुळे हे श्रीमंतांचे व सवड असलेल्यांचे काम आहे, असा समज होतो. वास्तविक एक जाड कागदाची वही, पेन्सिल आणि डिंक एवढ्यावर हे काम होऊ शकते. सजावट केली तर हरकत नाही, परंतु वहीचा प्राण लिहिलेल्या मजकुरात आहे.

श्रद्धेशी संबंध

स्मरण हे आपल्या श्रद्धेचे अंग आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएली लोक यार्देन नदी ओलांडतात, तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून ते गिलगाल येथे उभे केले जातात. हेतू हा की पुढे मुलांनी या धोंड्यांचा अर्थ विचारला, तर आईवडिलांनी त्यांना देवाने केलेली कृपा सांगावी. धोंडा स्वतः बोलत नाही. त्याच्याजवळ उभे राहून सांगणारे माणूस लागते. छायाचित्राचेही तसेच आहे. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात दोनदा नमूद करतो, की पवित्र मरियेने घडलेल्या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात जपून ठेवल्या. पोप फ्रान्सिस यांनीही २०२० च्या जागतिक संज्ञापन दिनाच्या संदेशासाठी निर्गमच्या दहाव्या अध्यायातील, मुलांना व नातवंडांना कथन करण्याविषयीचे वचनच विषय म्हणून निवडले होते.

ख्रिस्तसभा स्वतःदेखील नोंदी जपत आली आहे. ट्रेंट परिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. सध्याच्या धर्मसभा कायद्याच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची नोंदपुस्तके असतात. मात्र या नोंदी त्रोटक असतात. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता एवढेच तेथे मिळते. ते नाव का ठेवले, बाप्तिस्म्याच्या दिवशी पावसाने रस्ता बंद होता का, धर्ममाता कोणत्या गावाहून चालत आली, हे नोंदपुस्तक सांगत नाही. ते सांगण्याचे काम घराचे आहे, आणि कुटुंबाला आपण ‘गृहमंडळी’ म्हणतो ते उगाच नव्हे.

वेळेचा खरा प्रश्न

येथे वाचक म्हणतील, ‘फादर, हे सर्व पटते, पण वेळ कोठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. पहाटेची लोकल गाठणारे वडील, नोकरी करून स्वयंपाकघर सांभाळणारी आई, शाळा, क्लास व कॅटेकिझम यांत गुंतलेली मुले, शेतीवाडी व भाजीफुलांचा व्यवसाय असेल तर त्याची वेगळी ओढाताण. अशा घराला ‘रोज एक तास काढा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच होय. त्याऐवजी पुढील काही गोष्टी करून पाहता येतील.

पहिली गोष्ट क्रमाची आहे. बहुतेक जण चिकटवहीची सुरुवात वही व सामान विकत घेऊन करतात आणि तेथेच थांबतात. हा क्रम उलट करावा. कागद कपाटात आणखी दहा वर्षे थांबू शकतो; ऐंशी वर्षांची आजी थांबू शकेलच असे नाही. म्हणून हाती असलेला पहिला मोकळा अर्धा तास घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसण्यासाठी द्यावा. एका बैठकीत पाचच छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकाविषयी कोण, कोठे, केव्हा, कशासाठी आणि पुढे त्या माणसाचे काय झाले, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत. आजी सामवेदीत बोलत असो की वाडवळीत, तिला तिच्याच बोलीत बोलू द्यावे. तो आवाज व ती बोली हादेखील घराचा ठेवा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा वेळ शोधण्यापेक्षा असलेल्या वेळेला हे काम जोडावे. सायंकाळी रोजरीसाठी कुटुंब एकत्र येत असेल, तर महिन्यातून एका ठरावीक रविवारी रोजरीनंतर वीस मिनिटे सर्वांनी तसेच बसावे. मोबाईलमधील त्या महिन्याची पाच छायाचित्रे निवडावीत व छापून घ्यावीत. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ. एका वर्षाची वही यातून सहज पूर्ण होते. ज्या महिन्यात हे जमले नाही, तो महिना सोडून पुढे जावे. मागचा अनुशेष भरून काढण्याच्या अट्टहासामुळेच असे उपक्रम बंद पडतात.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. हे काम आईच्या एकटीच्या माथी पडू नये. निवड मुलांनी करावी, छपाई व खरेदी वडिलांनी करावी, माहिती आजीआजोबांनी सांगावी, अक्षर ज्याचे असेल त्याचे असो. कॅनडात वा आखातात राहणाऱ्या मुलांनी आपल्या पानासाठी दोन छायाचित्रे व चार ओळी पाठवाव्यात. व्हॉट्सॅपवरून नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवल्यास त्याचा दर्जा घटतो. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ स्वरूपात येते.

चौथी गोष्ट, एक रिकामी पेटी घरात दर्शनी जागी ठेवावी. पत्रिका, तिकिटे, स्मृतिचित्रे, पत्रे ज्या दिवशी हाती येतील त्याच दिवशी, मागे तारीख लिहून, त्या पेटीत पडावीत. पुढे महिन्याच्या बैठकीत शोधाशोध करावी लागत नाही.

सामान व जपणूक

आपल्या किनारपट्टीवरील दमट हवा कागदाची मोठी शत्रू आहे. पावसाळ्यात बुरशी धरते व कसर लागते. म्हणून कणकेची खळ वापरू नये, ती कसरीचे खाद्य आहे. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. छायाचित्रे शक्यतो कागदी कोपऱ्यांत अडकवावीत, म्हणजे पुढे ती काढता येतात. वही आम्लमुक्त कागदाची मिळाली तर उत्तम. वृत्तपत्राचा कागद लवकर पिवळा व ठिसूळ होतो. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या व तिकिटांवरील अक्षरे काही काळातच उडून जातात, त्यांचीही प्रत काढावी. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

अनेक घरी चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक असलेले जुने अल्बम आहेत. त्यांतील डिंकाने छायाचित्रे खराब होतात, पण ती ओढून काढू नयेत. प्रथम संपूर्ण पानाचा मोबाईलने फोटो काढावा, नंतर दात साफ करण्याचा बारीक दोरा छायाचित्राखालून हळुवार फिरवून ते सुटते का पाहावे. न सुटल्यास तसेच राहू द्यावे. बाप्तिस्म्याचा दाखला, पासपोर्ट, जमिनीचे कागद यांची मूळ प्रत वहीत कधीही चिकटवू नये. तेथे झेरॉक्स पुरेशी आहे.

कठीण पाने

प्रत्येक कुटुंबात असे एखादे पान असते, जे कुणाला उघडावेसे वाटत नाही. बालपणीच गेलेले मूल, व्यसनात हरवलेला काका, मोडलेला विवाह, जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेला भाऊ. काही घरी तर जुन्या छायाचित्रांतून एखादा चेहरा कात्रीने कापलेला दिसतो. अशा वेळी संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवावा. प्रभू येशूच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांचा उल्लेख आहे. शुभवर्तमानकाराने त्या वंशावळीतील अवघड कथा झाकून ठेवल्या नाहीत. आपल्यालाही कुणाला कापून टाकण्याचा अधिकार नाही. भांडणाचा तपशील वहीत लिहू नये; हयात व्यक्तीविषयी लिहिण्यापूर्वी तिला विचारावे. परंतु नाव, नाते व चेहरा यांना वहीत जागा द्यावी. जे बाळ काही दिवसच जगले, त्याचेही नाव लिहावे. त्याच्या आईने ते एक दिवसही विसरलेले नसते, आणि ते नाव अक्षरांत पाहून तिला मिळणारे समाधान धर्मगुरूच्या सांत्वनाच्या शब्दांपेक्षा मोठे असू शकते.

केव्हा आरंभ करावा?

उपासनेचे वर्षच आपल्याला तारखा देते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. पावसात घरी असलेल्या कुटुंबाने त्या दिवशी पहिली पाच छायाचित्रे आजीसमोर ठेवावीत. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुले वाहून आल्यावर त्या वर्षी गेलेल्या आप्ताचे पान लिहावे. नाताळच्या आठवड्यात येणाऱ्या पवित्र कुटुंबाच्या सणाला वर्षाची वही एकत्र बसून वाचावी आणि प्रत्येक पानाबद्दल प्रभूचे आभार मानावेत.

बंधुभगिनींनो, सर्वच मोठ्या कामांना मोठी सवड लागत नाही. या रविवारी मिस्सेहून परतल्यावर एकच जुना फोटो काढा, घरातील ज्येष्ठांना त्यातील नावे विचारा आणि ती मागे पेन्सिलीने लिहा. त्याला पाच मिनिटे लागतील. एवढे झाले तरी तुमच्या घराच्या चिकटवहीचा आरंभ झाला असे समजा. पवित्र कुटुंबाची कृपा आपल्या सर्व घरांवर असो.