तक्रार एकीकडे, दुरुस्ती दुसरीकडे

समजा, लिबरऑफिसमध्ये तुम्ही ‘दऱ्या’ लिहिलंत आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटलं. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा थेट समुद्र झाला! तुम्ही लिबरऑफिसच्या बगझिलामध्ये, म्हणजे बगांच्या (सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या) नोंदवहीत, रीतसर तक्रार नोंदवता. पण अक्षरांची जुळणी लिबरऑफिस स्वतः करत नाही. ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड हेही तिच्यावरच विसंबून आहेत. दोष फॉन्टमध्ये निघाला, तर दार आणखी तिसरंच. प्रत्येकाची बगांची नोंदवही वेगळी, क्रमांक वेगळे, माणसं वेगळी. त्यामुळे एकाच दोषाच्या चार ठिकाणी नोंदी पडतात आणि दुरुस्ती करणाऱ्यापर्यंत त्यातली एकही पोचत नाही, असं सहज घडतं.

डेबियन लिनक्सने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. तिथला बगांचा कारभार ईमेलवर चालतो. पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक ठरलेल्या पत्त्यावर एका ओळीचा मेल धाडतो: ‘फॉरवर्डेड’ हा शब्द, डेबियनमधला बग क्रमांक आणि मूळ प्रकल्पातल्या नोंदीची लिंक. बस्स. मग ‘बीटीएस-लिंक’ नावाचा छोटा प्रोग्रॅम त्या लिंकवर जाऊन स्थिती तपासतो. तिथे बग मिटला असेल, तर इथल्या नोंदीला ‘फिक्स्ड-अपस्ट्रीम’ असा टॅग लागतो. उबुंटूच्या लाँचपॅड या नोंदवहीतही बाहेरच्या नोंदीवर अशीच नजर ठेवता येते. बगझिलाने 2009 मध्ये बाहेरच्या नोंदींच्या लिंक ठेवण्यासाठी ‘सी ऑल्सो’ हा रकाना दिला.

मूळ प्रकल्पात बग मिटला, तरी डेबियनमधली नोंद लगेच बंद होत नाही, आणि ते योग्यच आहे. कोड दुरुस्त झाला, तरी त्याची नवी आवृत्ती निघायची असते, ती डेबियनच्या पॅकेजमध्ये यायची असते आणि मग अपडेट होऊन तुमच्या संगणकात उतरायची असते. तोवर तुमच्या पडद्यावर ‘दर्या’च राहणार. लाँचपॅडमध्ये ‘फिक्स कमिटेड’ आणि ‘फिक्स रिलीज्ड’ अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, त्या याच कारणासाठी.

लिंकचंही आयुष्य असतं. ‘गूगल कोड’ ही प्रकल्पांना जागा देणारी सेवा 2016 मध्ये बंद झाली. लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा नोम प्रकल्प 2018 मध्ये बगझिला सोडून गिटलॅबवर गेला. जुन्या नोंदी त्यांनी वाचण्यापुरत्या शाबूत ठेवल्या, हे मोठं काम केलं. घर बदलणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने एवढं करायलाच हवं. नाहीतर इतरांनी वर्षानुवर्षं जोडलेले धागे एका दिवसात तुटतात.

रोज देवनागरीत लिहिणाऱ्यांनी असे दोष मुकाट्याने सोसू नयेत. नोंदवण्याआधी तोच बग दुसरीकडे नोंदलेला आहे का, हे शोधा. सापडला, तर त्याची पूर्ण लिंक आपल्या नोंदीत द्या. नुसता क्रमांक देऊ नका. तोच आकडा प्रत्येक नोंदवहीत वेगळ्या बगाचा असतो.