“नंबर लागेल का?” – कॉलेजची यादी भरण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की परभणीत मगरिबनंतर आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. हातात मोबाइल, त्यावर निकालाचा फोटो आणि दारातूनच प्रश्न, “सर, बच्ची का नंबर लगेगा क्या?” मुलगी मागे गप्प उभी असते. तिला काय हवे आहे, हे बहुतेक वेळा कोणी विचारलेलेच नसते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक विद्यार्थिनी आली होती. दहावी उर्दू माध्यमातून, बारावी परभणीतच, वडिलांचे पंक्चरचे दुकान. तिच्या मनात नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय होते. मी म्हणालो, “बेटा, ते अवघड आहे. जवळचे खासगी कॉलेज पहिल्या नंबरला टाक, निदान हातची जागा तरी जायला नको.” तिने ऐकले. पहिल्याच फेरीत ते कॉलेज लागले. पहिल्या पसंतीचे कॉलेज पहिल्या फेरीत मिळाले की जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. नंतर कट-ऑफची यादी उघडली, तेव्हा नांदेडला तिच्याहून कमी पर्सेंटाइलवर त्याच शाखेत प्रवेश झालेला दिसला. तिचे वडील माझे शुक्रिया मानून गेले होते. चूक मात्र माझी होती.

त्या चुकीतून जे शिकलो, ते या लेखात सांगतो.

पहिली गोष्ट पसंतीक्रमाची. आपल्या राज्यात अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत पद्धतीने, म्हणजे कॅप फेऱ्यांनी होतात. संगणक गुणवत्ता यादीप्रमाणे एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून खाली तपासतो. पहिले कॉलेज बसले नाही तर दुसरे, ते नाही तर तिसरे. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी तिळभरही कमी होत नाही. म्हणून क्रम शक्यतेचा नव्हे, मनापासूनच्या आवडीचा लावावा. भीतीने सोपे कॉलेज वर टाकले तर संगणक तेच देणार; आपणच तर ते आधी मागितले!

२०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, की ती घ्यावीच लागणार होती. म्हणजे यादीतले पहिले सहा विकल्प फार विचाराने भरायचे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका. सायबर कॅफेवाल्याच्या हाती पासवर्ड देऊन घरी येणे तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट, नंबर लागेल की नाही याचा अंदाज. ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के गुण नव्हेत. शंभरातले सुमारे नऊजण आपल्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा गटात तीन लाख मुले बसली, तर पुढे सुमारे सत्तावीस हजार आहेत. म्हणून पर्सेंटाइलबरोबर गुणवत्ता क्रमांकही पाहावा. कट-ऑफच्या यादीत दोन्ही आकडे छापलेले असतात.

नुसत्या गुणांवरून अंदाज बांधणे किती फसवे असते, हे नीटच्या परीक्षेने दाखवून दिले. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ चा पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. “शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी इतक्या गुणांवर मिळाले” या बोलण्याला त्यामुळे काही अर्थ राहत नाही. तुलना क्रमांकाशी करावी.

यादीत GOPENH सारखी अक्षरे दिसतात, त्यांना घाबरू नका. पहिले जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातील, ओ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील आणि एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. त्यामुळे जिथे जागा विद्यापीठ क्षेत्रानुसार वाटलेल्या असतात, तिथे बारावी इथून केलेल्या मुलीने या क्षेत्रातील कॉलेजांसाठी एचचा रकाना पाहायचा आणि बाहेरच्या क्षेत्रातील कॉलेजांसाठी ओचा; राज्यस्तरीय जागा असतील तिथे एसचा. विद्यापीठ क्षेत्र ठरते ते बारावी कुठून केली यावरून. अकरावीला लातूरला गेलात तर क्षेत्र तेच राहते, पुण्याला गेलात तर बदलते. हा हिशेब दहावीनंतरच करायला हवा.

वैद्यकीयचे मात्र वेगळे आहे. तिथला ७०:३० चा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला. परभणीत २०२३ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा अनेकांना वाटले की आता आपल्या मुलांचे सोपे झाले. तसे नाही. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात आणि उरलेल्यांसाठी सगळ्या राज्याशी स्पर्धा असते. पण नीटच्याच गुणांवर इतर वाटाही उघडतात. पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या परभणीतच आहे. युनानीची पदवी पुणे, मालेगाव, अक्कलकुवा येथे घेता येते आणि तिथे दहावीचे उर्दू कामी येते. उर्दू शाळेत शिकल्याची लाज बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट आपल्या हक्काच्या जागांची. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत निम्म्याहून अधिक जागा समाजासाठी असतात आणि त्यांचा कट-ऑफ वेगळा लागतो. मुंबईचे साबू सिद्दीक, नवीन पनवेलचे काळसेकर ही त्यातली परिचित नावे. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद बरोबर हवी. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर आणि जात पडताळणी ही कामे अकरावीतच सुरू करावीत. खुल्या प्रवर्गातील गरीब कुटुंबांना ईडब्ल्यूएसचा मार्ग आहे. एका दाखल्यावाचून मिळणारी जागा गेलेली मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

मुलींच्या पालकांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी व इतर ठरलेल्या घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून व्हायला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. म्हणून एजंटाच्या “आजच सीट बुक करा” या घाईला बळी पडू नका.

आता यादी. मी तिचे तीन भाग करायला सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांच्या कट-ऑफपेक्षा आपला क्रमांक मागे असलेली कॉलेजे, बरोबरीची, आणि सहज लागावीत अशी. तिन्ही भागांतली कॉलेजे यादीत हवीत. फक्त पुण्याची मोठी सहा नावे भरून थांबलेली मुले शेवटी रिकाम्या हाताने परततात. आणि जिथे पाठवायचेच नाही, ते कॉलेज यादीत लिहूच नका. वसतिगृह, रोजचा प्रवास, घरापासूनचे अंतर यांवर फॉर्म भरण्याआधी अम्मी-अब्बूंनी मुलीसोबत बसून मोकळेपणाने बोलावे. जागा लागल्यावर “इतक्या लांब नको” म्हणणे हा मुलीवर अन्याय आहे.

मश्वरा करा, इस्तिखाराही जरूर करा. पण उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपल्याला माहीत आहे. कागद पूर्ण असणे, यादी नीट असणे, हेच उंट बांधणे.

त्या विद्यार्थिनीने मिळालेल्या कॉलेजातून पदवी घेतली आणि आज ती नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. मी तिला जुनी चूक सांगितली. ती हसून म्हणाली, “सर, मालूम था मुझे. म्हणूनच तर हिला घेऊन आले.” आम्ही तिघांनी बसून कट-ऑफ तपासत तीस विकल्पांची यादी केली. पहिल्या नंबरला काय लिहायचे, हे मी सांगितले नाही. तिलाच विचारले.