जयपूरचा कुंदन हार घरी आला, आता तो ठेवायचा कसा?

लग्नघरातून परत यायला रात्रीचा एक वाजलेला असतो. पाय दुखत असतात, केसांतल्या पिना काढायचाही कंटाळा आलेला असतो. अशा वेळी गळ्यातला कुंदनाचा हार काढून तुम्ही काय करता? बहुतेक जणी तो सराफाने दिलेल्या मखमली डब्यात ठेवतात. त्यावर झुमके, त्यावर मांगटिका, उरलेल्या जागेत नथ. झाकण जरा दाबूनच बसवावं लागतं. दोन दिवसांनी डबा लॉकरमध्ये जातो आणि थेट पुढच्या लग्नाला बाहेर निघतो. उघडून बघावं तर हाराच्या मधल्या खड्यांमागे करडी छटा आलेली, मोती पिवळट पडलेले आणि झुमक्याच्या मागच्या मीनाकारीचा टवका उडालेला.

सराफाने फसवलं, हा पहिला विचार मनात येतो. कधीकधी तो खराही असतो. पण पुष्कळदा दागिना चांगलाच असतो, आपलं ठेवणं चुकलेलं असतं. सोनं म्हणजे कसंही ठेवलं तरी चालतं, हा आपला समज पाटल्या आणि साखळीपुरता ठीक आहे. जयपूरच्या हाताने घडवलेल्या दागिन्यात सोन्याशिवाय बरंच काही असतं आणि ते नेमकं काय असतं हे कळलं, की तो कसा ठेवायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.

हाराच्या पोटात काय असतं?

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं, तेव्हा बाजारपेठा आणि कारागिरांच्या गल्ल्या शहराच्या आखणीतच होत्या. जौहरी बाजार आणि त्याला लागून असलेला गोपालजी का रास्ता आजही दागिन्यांसाठीच ओळखला जातो. मीनाकारी मात्र शहराहून जुनी. आमेरचे राजा मानसिंह यांनी लाहोरहून मीनाकार आणले, असं मानलं जातं.

जयपूरचा जडाऊ हार एकट्या सोनाराचा नसतो. सोनार पातळ पत्र्याचा पोकळ सांगाडा घडवतो. मीनाकार त्याच्या मागच्या बाजूला नक्षी कोरून त्यात रंग भरतो आणि भट्टीत भाजतो. हा रंग म्हणजे खरं तर काच असते. मग सांगाड्याच्या पोटात लाख भरली जाते. तिच्यावर चांदीचा चकचकीत पातळ वर्ख बसतो, त्याला 'डांक' म्हणतात. त्यावर खडा ठेवायचा आणि अगदी शुद्ध सोन्याची मऊ पट्टी खड्याच्या कडेने दाबत दाबत बसवायची. ही पट्टी म्हणजे कुंदन आणि ती बसवणारा कारागीर म्हणजे जडिया. शेवटी पटवा रेशमी किंवा जरीच्या दोऱ्यात मोती ओवून हाराला गोंडा लावतो. आपल्याकडच्या पटवेकऱ्याचा हा भाऊबंदच.

आता त्या करड्या छटेकडे परत या. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला सपाट हिरा. त्याची निम्मी चमक खालच्या डांकेची असते. कडेच्या बारीक फटीतून पाणी, घाम किंवा अत्तर आत शिरलं, की ही डांक काळवंडते. खडा तसाच असतो, त्याच्यामागचा आरसा आंधळा होतो. वरून कितीही पुसलं तरी हा डाग जात नाही. जडियाकडे नेऊन खडा काढायचा, नवी डांक घालायची आणि पुन्हा जडवायचा, एवढाच उपाय उरतो. म्हणूनच साबणाचं पाणी, रिठ्याचं पाणी, टूथपेस्ट आणि सराफाकडचं कंपनाचं सफाई यंत्र यातलं काहीही कुंदनाला चालत नाही. साध्या सोन्याच्या साखळीला रिठा उत्तम. तोच हात कुंदनावर फिरवू नका.

लाखेचं वैर उष्णतेशी. ती गरम झाली की मऊ पडते आणि खड्याची बैठक हलते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दागिन्यांची पर्स ठेवून जेवायला जाणं, ड्रेसिंग टेबलवर पिवळ्या बल्बखाली हार पसरून ठेवणं, गीझरशेजारच्या कपाटात डबा असणं, या सगळ्या गोष्टी टाळण्यासारख्या. आपल्याकडच्या लाख भरलेल्या बोरमाळेला आणि कोल्हापुरी साजालाही हेच लागू आहे. त्यांच्या मण्यांच्या पोटातही लाखच असते.

डब्यात ठेवण्याआधी

सगळ्यात मोलाची सवय डब्याची नाही, त्याच्या आधीची आहे. दागिना अंगावरून उतरवला की लगेच बंद करायचा नाही. मऊ, कोरड्या सुती कापडाने मागची बाजू आधी पुसा, कारण घाम तिथेच लागलेला असतो. मग पुढची बाजू हलकेच टिपून घ्या. घासू नका. त्यानंतर स्वच्छ पंचावर हार पसरून पंख्याखाली अर्धा तास तरी राहू द्या. रात्री एक वाजता हे जमणार नाही, हे मलाही कळतं. मग निदान पंचावर पसरून, खोलीचं दार लावून झोपा आणि डबा सकाळी भरा. घामेजलेला दागिना झाकणबंद करण्यापेक्षा ते शंभरपट बरं. घालतानाचा क्रमही उलटा हवा: आधी अत्तर, हेअरस्प्रे, मेकअप आणि ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी हार.

आता डबा. सराफाचा मखमली डबा भेट द्यायला छान असतो, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. त्यात पुठ्ठा, गोंद आणि स्पंज असतो. दमट हवेत मखमलीचा रंग उतरू शकतो आणि जुना स्पंज चिकट होऊन भुगा पडू लागतो. सराफी गुलाबी कापूसही लांबच ठेवा. तो ओल धरतो आणि त्याचे तंतू कुंदनाच्या कडांत अडकतात. ते ओढून काढताना कड उचकटते.

धुऊन धुऊन मऊ झालेली पांढरी मलमल किंवा बाळाच्या जुन्या झबल्याचं कापड याला सर्वात चांगलं. त्यात हार आडवा, न दुमडता गुंडाळा. सपाट पत्र्याच्या किंवा लाकडी डब्यात एका थरात ठेवा. मागची मीनाकारी काचेची आहे हे लक्षात ठेवून तळाला कापडाची जाड घडी घाला. एकावर एक दागिना ठेवायचाच नाही. झुमके हाराच्या पोटात कोंबले की बिघाड तिथून सुरू होतो.

मोत्यांची एक अडचण आहे. जयपूरची हवा कोरडी, आपल्या मुंबई-कोकणातला पावसाळा ओलाचिंब. तिथे घडलेला हार इथे आला की डांकेला ओल बाधते, म्हणून आपण डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. पण त्याच हाराला मोत्यांचे सर लोंबत असतात आणि मोत्यांना अति कोरडेपणा सोसत नाही. ते निस्तेज होतात, त्यांना चिरा जाऊ शकतात. म्हणजे एकाच दागिन्यातल्या दोन गोष्टींच्या मागण्या उलट आहेत. यावर मध्यम मार्ग असा: हार हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, मलमलीतच ठेवा. सिलिका जेलची पुडी दागिन्याच्या डब्यात न ठेवता ज्या कपाटात किंवा मोठ्या पेटीत तो डबा आहे तिथे ठेवा. पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी डबा तासभर उघडा. उन्हात मात्र नाही, सावलीत.

कोण कोणाशेजारी बसणार

दागिने लावताना आपण 'सेट' बघतो. हिरव्याचा सेट, लालचा सेट, आईने दिलेलं, सासरचं. त्याऐवजी काठिण्य बघा. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा 10 वर, माणिक आणि नीलम 9 वर, तर मोती जेमतेम 2.5 ते 4.5 वर. एका कप्प्यात ठेवले तर हिरा बाकी सगळ्यांना ओरखडे काढणार. म्हणून हिऱ्याच्या कुड्या वेगळ्या, तन्मणी आणि चिंचपेटी वेगळी.

जयपूर पाचूच्या कामासाठी जगभर ओळखलं जातं. पाचूत जन्मतः बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून पुष्कळदा त्यांत तेल मुरवलेलं असतं. साबण, गरम पाणी किंवा कंपनाचं यंत्र ते तेल काढून टाकतं आणि भेगा उघड्या पडतात. फिरोजा सच्छिद्र असतो, तो तेल-अत्तर पिऊन रंग बदलतो. यांना कोरडं कापड आणि स्वतंत्र पुरचुंडी पुरे.

चांदीचं शास्त्र मात्र नेमकं उलटं. चांदीला हवेतला गंधक काळी करतो, म्हणून तिला जितकी कमी हवा तितकं चांगलं. साध्या चांदीचे दागिने झिपच्या छोट्या पिशवीत, हवा दाबून काढून ठेवा. सोबत एक खडू टाकला तर तो ओल शोषतो. रबरबँड आणि लोकरी कापड चांदीजवळ नको, दोन्हींत गंधक असतो. ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा घरगुती उपाय फक्त साध्या, बिनखड्यांच्या चांदीसाठी आहे. मुद्दाम काळपट ठेवलेली ऑक्सिडाइज्ड चांदी त्यात बुडवली तर तिची नक्षीच पुसट होईल. हे दुःख नंतर भरून येत नाही.

लाखेच्या बांगड्या

त्रिपोलिया बाजाराजवळ मणिहारों का रास्ता आहे. तिथे मणिहार समाजाचे कारागीर शेगडीवर लाख तापवून, लाटून, लाकडी साच्यावर बांगडीचा गोल धरतात आणि ती गरम असतानाच काचेचे तुकडे दाबून बसवतात. आगीनेच आकार घेतलेली वस्तू उन्हाने आकार सोडणार, हे ओघानेच आलं. उन्हाळ्यात बांगड्यांच्या डब्यावर साड्यांचा गठ्ठा ठेवला तर बांगड्या लांबोळक्या होतात. जाड कागदाच्या नळीला कापड गुंडाळून त्यावर त्या ओवा आणि नळी आडवी ठेवा, वर ओझं नको. जुनी लाख ठिसूळ होते, त्यामुळे तडा गेला तर हळहळू नका. कारागीर तापवून सांधू शकतो. तुकडे फेकू नका एवढंच.

पुडीवरची अक्षरं

जौहरी बाजारात रत्नांचे व्यापारी खडे कागदाच्या घडीच्या पुडीत ठेवतात आणि पुडीवर वजन वगैरे तपशील लिहितात. ही पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी, असं मला वाटतं, कारण घरोघरी दागिने असतात आणि त्यांची माहिती फक्त एका बाईच्या डोक्यात असते. ती गेली की मागे उरतात डबे आणि भांडणं.

कुंदनाच्या बाबतीत तर ही नोंद पैशांचा प्रश्न आहे. भारतात हॉलमार्क सक्तीचा झाला, 1 एप्रिल 2023 पासून तर सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासताही येतो. पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे तुमच्या सर्वांत महागड्या हारावर कदाचित कोणताच शिक्का नसेल. काट्यावर ठेवला की लाख, काच, मोती, सोनं सगळं एकत्रच तोललं जातं. उद्या मोडायची वेळ आली, तर त्यात निव्वळ सोनं किती, हे सांगणारा कागद एकच: बिल. खरेदीच्या वेळी एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता, खडे खरे की काच आणि मोती कुठल्या प्रकारचे, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. दुकानदार घाईत असला तरी थांबा.

घरी आल्यावर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाच तपशील पेन्सिलीने लिहून त्या दागिन्याच्या डब्यात ठेवा. दागिना कोणी, कधी, कोणाला दिला तेही लिहा. फोनमध्ये पुढून, मागून आणि फाशाजवळून असे तीन फोटो काढा. मागची मीनाकारी म्हणजे दागिन्याची सहीच असते. बिलाचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला तो कुठे आहे हे सांगा.

बँकेचा लॉकर सुरक्षित असतो, पण आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं 3,000 रुपये असेल तर कमाल 3 लाख. पूर आणि भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत तेवढंही नाही. दागिन्यांची किंमत त्याहून जास्त असेल तर विम्याची चौकशी करा, तिथेही बिल आणि फोटो लागतीलच. लॉकरला वारस नेमलाय का, तेही एकदा बघून घ्या.

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लॉकर उघडा. प्रत्येक दागिना मलमलीतून काढा, कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल झाला आहे, तो घालू नका. मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला असेल किंवा सर लांबलेला वाटला तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना त्याच्याकडे जाऊ नका, मार्गशीर्षात त्याच्या दारात रांग असते. श्रावणात जा, तो निवांत असतो आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला त्याला वेळही असतो.