मोकळी वाट

गोव्याहून कारवारात शिरताना काळी नदीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्र सोबतीला येतो. तिथेच, महामार्गालगत टागोर किनाऱ्यावर, निवृत्त क्षेपणास्त्र नौका ‘चपल’ उभी आहे आणि तिच्या शेजारी मेजर रामा राघोबा राणे यांचा पुतळा. माणूस लष्करातला अभियंता, म्हणजे सॅपर, शेजार मिळाला आरमाराचा! साहजिकच फोटोंचा मान नौकेला जातो. तरी पुतळ्याला रस्त्याकडेची जागा मिळाली हे मला फार योग्य वाटतं. राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते रस्ता मोकळा केला म्हणून.

मूळ गाव कारवारजवळचं चेंदिया, वडील पोलीस खात्यात. १९४० साली राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, काश्मीरच्या युद्धात, नौशेरा–राजौरी रस्ता मोकळा करण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं.

शौर्यपदकाच्या मानपत्रात आपण चढाई, संगीन, शत्रूची प्रेतं वाचायला सरावलेलो असतो. राणे यांचं मानपत्र मात्र रस्त्यावरच्या मुकादमाच्या रोजनिशीसारखं आहे. पानभर घड्याळाच्या वेळाच. ८ एप्रिल १९४८, सकाळी ११ : सुरुंग काढायला निघण्याआधीच मॉर्टरचा मारा. दोन जवान ठार, पाच जखमी, जखमींत राणेही. तरी तुकडी पुन्हा जुळवून काम सुरू. बरवाली डोंगर ताब्यात आल्यावर रणगाड्यांसाठी वळणरस्ता, रात्री १० पर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ पासून पुन्हा तेच. पुढे रस्त्यावर आडवी पाडलेली पाइनची झाडं, उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला अंधारत असताना पाच भले मोठे पाइन, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. तिथे ताफा थांबवावा लागला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी हजर. साडेसहाला तो अडथळा दूर.

रणगाड्याच्या खालून सरपटत, चालकाला दोरीने खुणा करत त्यांनी सुरुंग पार केले, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. मानपत्रात ती नाही. खरं सांगायचं तर मला ती लागतही नाही. मी थबकतो तो मानपत्रातल्या १० एप्रिलच्याच पुढच्या नोंदीपाशी. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. लढाईचं लक्ष तिकडे गेलं. राणे मात्र मागे रस्त्यावरच राहिले, कारण रसदीच्या गाड्यांना नदीपात्र चालणार नव्हतं. उपाशीपोटी, विश्रांती न घेता रात्री ९ पर्यंत काम. ११ तारखेला पुन्हा पहाटे ६ ला सुरुवात. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि तरी रात्री १० पर्यंत पुढच्या रस्त्यावर हात चालूच.

१२ एप्रिलला फौजा राजौरीत शिरल्या. त्यांच्या मागची रसद ज्या रस्त्याने यायची होती, तो हाच.