कुरणातील पाडसे आणि गवतकापणी : जर्मनीतील संरक्षण व्यवस्थेचे अर्थशास्त्र

कृषी उत्पादन आणि वन्यजीव संरक्षण यांतील संघर्षाची चर्चा बहुधा जंगलतोड, शिकार किंवा पिकांचे नुकसान यांच्या संदर्भात होते. परंतु शेतीतील एखादे नित्याचे कामदेखील वन्यजीवांच्या मुळावर येऊ शकते. जर्मनीत दरवर्षी मे-जून महिन्यांत कुरणांतील गवताच्या पहिल्या कापणीच्या वेळी रो जातीच्या हरणांची पाडसे मोठ्या संख्येने यंत्राखाली सापडतात. या मृत्यूंची प्रत्यक्ष मोजणी होत नाही. मात्र ही संख्या वर्षाला सुमारे १ लाखाच्या घरात असावी, असा अंदाज तेथे सामान्यतः दिला जातो. ही हानी टाळण्यासाठी उभारलेली व्यवस्था पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

समस्येचे स्वरूप

रो हरिणीची पाडसे प्रामुख्याने मे आणि जून महिन्यांत जन्मतात. आई त्यांना उंच गवतात लपवून ठेवते आणि केवळ दूध पाजण्यापुरती त्यांच्याजवळ येते. पहिले दोन-तीन आठवडे धोक्याची चाहूल लागली तरी पाडस पळत नाही. ते जमिनीला चिकटून निश्चल पडून राहते. अंगावरील ठिपके आणि जवळजवळ नसलेला गंध यांमुळे कोल्ह्यापासून त्याचे रक्षण होते. हीच उपजत प्रवृत्ती यंत्रासमोर मात्र प्राणघातक ठरते.

याच सुमारास शेतकऱ्याला मुरघासासाठी गवत कापावयाचे असते. गवताला तुरे येण्यापूर्वी कापणी केल्यास प्रथिनांचे प्रमाण अधिक मिळते. विलंब झाल्यास चाऱ्याची पचनीयता घटते. शिवाय कापणीसाठी सलग कोरडे दिवस लागतात. आधुनिक यंत्रे एका फेरीत अनेक मीटर रुंदीचा पट्टा वेगाने कापत असल्याने चालकाला गवतातील पाडस दिसणे जवळपास अशक्य असते.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे नकारात्मक बाह्य परिणामाचे उदाहरण होय. शोध घेण्याचा व कापणी लांबविण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडतो, तर वन्यजीव वाचल्याचे समाधान संपूर्ण समाजाला मिळते. अर्थात, शेतकऱ्याचे हितही यात काही अंशी गुंतलेले आहे. मृत प्राण्याचे अवशेष मुरघासात मिसळल्यास हवाबंद स्थितीत बोट्युलिझमचे जिवाणू वाढून त्यांचे विष गुरांचा जीव घेऊ शकते. परंतु हे नुकसान संभाव्य असते आणि विलंबाचा खर्च निश्चित. त्यामुळे केवळ स्वहिताच्या प्रेरणेवर विसंबून समाजाला अपेक्षित असलेल्या पातळीचे संरक्षण मिळत नाही.

कायदा, अनुदान आणि स्वयंसेवा

जर्मनीने या प्रश्नाला तीन बाजूंनी उत्तर दिले आहे. पहिली बाजू कायद्याची. १९७२ च्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार पृष्ठवंशीय प्राण्यास वाजवी कारणाविना ठार करणे हा ३ वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र गुन्हा आहे. २००२ मध्ये प्राण्यांच्या संरक्षणाचा समावेश तेथील राज्यघटनेच्या अनुच्छेद २० अ मध्ये करण्यात आला. त्यामुळे कापणीपूर्वी योग्य ती दक्षता घेण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येते.

दुसरी बाजू तंत्रज्ञानाची. आदल्या संध्याकाळी कुरणात कापडी निशाणे लावणे, कुत्र्यांसह पायी शोध घेणे, तसेच प्राण्यांना बाहेर पडता यावे म्हणून मध्यापासून कडेकडे कापणी करणे हे जुने उपाय होत. निश्चल पडून राहणाऱ्या पाडसाच्या बाबतीत कापणीची दिशा बदलून फारसे साधत नाही. थर्मल कॅमेरा बसविलेले ड्रोन मात्र शरीराच्या उष्णतेवरून पाडसाची जागा दाखविते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२१ मध्ये अशा ड्रोनच्या खरेदीसाठी ३० लाख युरोंची योजना सुरू केली. नोंदणीकृत संस्थांना खर्चाच्या ६० टक्के, प्रति ड्रोन कमाल ४,००० युरो इतके अनुदान देण्यात आले. ड्रोनचा उपयोग वर्षातून काही आठवडेच होत असल्याने एकट्या शेतकऱ्यास ही गुंतवणूक परवडत नाही. संस्थेमार्फत ते अनेक शेतांवर वापरले गेल्यास सरासरी खर्च घटतो.

तिसरी बाजू श्रमाची. शोधपथकांतील बहुतेक कार्यकर्ते विनामोबदला काम करतात. शिकारीचे हक्क असलेल्या व्यक्तीची संमती घेऊन, हातमोजे व गवताचे पुंजके वापरून, माणसाचा गंध लागू न देता पाडस उचलले जाते. कापणी होईपर्यंत ते खोक्यात सुरक्षित ठेवून नंतर जवळच सोडले जाते. आई त्याला शोधून काढते.

खरी टंचाई वेळेची

तथापि, ड्रोन वाढविले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ऊन चढल्यावर तापलेले दगड व मातीचे ढिगारेही कॅमेऱ्यात प्राण्यांसारखेच दिसू लागतात. म्हणून शोध पहाटेच घ्यावा लागतो आणि त्यानंतर कापणी लगेच करावी लागते. हवामान अनुकूल होताच परिसरातील सर्व शेतकरी एकाच दिवशी कापणीस निघतात. विजेच्या कमाल मागणीप्रमाणेच ही अल्पकालीन व एकवटलेली मागणी असते. अशा वेळी शेतकऱ्याने आदल्या दिवशी दिलेली पूर्वसूचना ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधनसामग्री ठरते.

भारतीय संदर्भ

भारतीय राज्यघटनेतील अनुच्छेद ४८ अ वन्यजीव रक्षणाची जबाबदारी राज्यावर सोपवितो, तर ५१ अ (छ) सजीव प्राण्यांविषयी दयाभाव हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवितो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे आढळतात. वनविभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र त्यांची मातेशी पुनर्भेट घडवून आणतात. प्राणी वेगळा, पीक वेगळे. प्रश्नाची रचना मात्र तीच आहे. कापणीची वेळ आणि पिल्लांच्या संगोपनाचा काळ एकमेकांवर येतात, तेव्हा कायद्याने जबाबदारी ठरविणे, साधनांचा खर्च समाजाने वाटून घेणे आणि शेतकऱ्याकडून वेळेवर माहिती मिळणे या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांतील एकही दुवा निखळला तर उरलेल्या दोहोंवर केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक असते.