दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न आणि गावागावातली दक्षिण आफ्रिका

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या सनदेवर सही करणाऱ्या देशांत भारतही होता. देशावर राज्य मात्र इंग्रजांचे होते! या परतंत्र देशाने दुसऱ्याच वर्षी जगापुढे एक प्रश्न मांडला आणि मोठमोठ्या सत्तांना अडचणीत टाकले. भारताच्या नैतिक नेतृत्वाचा गौरव करणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. तो गौरव योग्यच आहे. पण त्या कथेची दुसरी बाजू आपल्या घराघरांत माहीत असायला हवी.

१८६० पासून भारतातून गिरमिटिया मजूर दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या ऊसमळ्यांवर नेले जात होते. त्यांत खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक पुष्कळ होते. त्यांची नातवंडे-पतवंडे तिथलीच झाली, घरे बांधू लागली, दुकाने काढू लागली. १९४६ साली तिथल्या गोऱ्या सरकारने कायदा करून हिंदी लोकांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्याच्या जागेवर बंधने घातली. गोऱ्यांची वस्ती वेगळी, यांची वेगळी. वाचकहो, ही रचना आपल्याला नवी आहे काय?

भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि जून १९४६ मध्ये हा प्रश्न राष्ट्रसंघाकडे नेला. विजयालक्ष्मी पंडित भारताच्या प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुख होत्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स होते. गंमत अशी, की मानवी हक्कांवरील श्रद्धा सांगणाऱ्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मूळ मसुदा याच स्मट्स यांच्या हातचा! त्यांचे म्हणणे असे, की हा आमचा अंतर्गत मामला आहे, राष्ट्रसंघाला त्यात पडण्याचा अधिकार नाही. सनदेत तसे कलमही आहे. भारताने उत्तर दिले, की माणसाची माणुसकी नाकारली जाते तेव्हा तो कोणाचा घरगुती मामला उरत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. ३२ मते बाजूने, १५ विरोधात, ७ तटस्थ.

या मतदानाचे महत्त्व मोठे आहे. बायकोला मारणारा नवरा दार लावून म्हणतो, आमच्या घरात कोणी लक्ष घालू नये. सत्ताधीशांचेही तेच चालत आले होते. ते दार थोडे किलकिले झाले ते भारतामुळे. पुढे १९५२ साली भारताने आशिया-आफ्रिकेतील इतर देशांसह खुद्द वर्णभेदाच्या धोरणाचा प्रश्न राष्ट्रसंघात आणला. १९६२ साली राष्ट्रसंघाने वर्णभेदविरोधी खास समिती नेमण्याचे ठरवले, तिचे सचिव म्हणून भारतातून गेलेल्या ई. एस. रेड्डी यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, पण समोर दक्षिण आफ्रिका म्हणून खेळलाच नाही. चषक हातचा गेला. मुलांना हे अवश्य सांगावे. १९९४ साली नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामागे तिथल्या काळ्या जनतेचा लढा होता, आणि भारताचा हा दीर्घ पाठिंबाही होता.

आता दुसरी बाजू.

त्याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रोंच्या संघटनेने राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीने असाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्युबॉईस यांनी जुलैअखेर सहानुभूतीचे उत्तर पाठवले. म्हणजे भारत सरकार दक्षिण आफ्रिकेविरुद्ध राष्ट्रसंघाचे दार ठोठावत होते, आणि भारतातल्या अस्पृश्यांचा नेता त्याच दाराकडे आपल्या लोकांसाठी पाहत होता. दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींनीही भारतातील जातिभेदाकडे बोट दाखवले. अर्थात त्यांना अस्पृश्यांचा कळवळा होता असे नव्हे! स्वतःचे पाप झाकण्यासाठी दुसऱ्याचे दाखवण्याचा तो प्रकार. पण दाखवलेले पाप खोटे नव्हते.

पुढे राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. दक्षिण आफ्रिकेतील वेगळ्या वस्त्यांविषयी तावातावाने बोलणाऱ्यांना आपल्या प्रत्येक गावात एक दक्षिण आफ्रिका आहे हे दिसत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

१९६५ साली सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात भेदभावाची कारणे दिली आहेत : वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातील ‘डिसेंट’ म्हणजे जन्मकूळ हा शब्द भारताच्या सूचनेवरून आला. १९६८ साली भारताने करार मान्य केला. पुढे १९९६ साली भारताचा अहवाल तपासताना कराराच्या समितीने म्हटले, की जन्मकुळात जातही येते. भारत सरकारने मात्र जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून ती या करारात येत नाही, अशी भूमिका घेतली.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेतच, डर्बान शहरात, वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. देशातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे गेले. भारत सरकारने जातीचा उल्लेख होऊ नये यासाठी जोर लावला, आणि अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. आंद्रे बेतेय यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनीही जातीला वंश म्हणणे अशास्त्रीय आहे असे लिहिले. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जात वंशावरून झाली हा सिद्धांत खुद्द बाबासाहेबांनी खोडून काढला होता. पण दलित कार्यकर्त्यांचे म्हणणे वेगळे होते. करारात एकटा वंश नाही, जन्मकूळही आहे. जन्मावरून विहिरीवर, देवळात, लग्नात आणि नोकरीत माणसाला अडवले जाते, त्याला शास्त्रीय नाव कोणते हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा.

विसंगती किती जवळजवळ नांदते पाहा. २७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीतील परिषदेत पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाशी केली. त्यांच्याआधी कोणत्याही पंतप्रधानाने हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्याचे आठवत नाही. दोनच महिन्यांनी जिनिव्हात समितीपुढे भारताचे प्रतिनिधी जात या करारात येत नाही हेच सांगत होते. २००९ साली नेपाळने मात्र व्यवसाय आणि जन्मकुळावर आधारित भेदभाव दूर करण्याच्या राष्ट्रसंघातील मसुद्याला पाठिंबा दिला. १९४६ साली भारताने दाखवलेले धैर्य या वेळी लहानशा शेजाऱ्याने दाखवले.

२०१६ च्या मार्चमध्ये राष्ट्रसंघाच्या अल्पसंख्याकविषयक तज्ज्ञांनी जातिभेदावर अहवाल मांडला, तेव्हा भारताने त्यावर आक्षेप घेतला. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात भारताच्याच पुढाकाराने बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली.

या करारात चौदावे कलम आहे. एखाद्या देशाने ते मान्य केले, तर त्या देशातला साधा माणूसही आपल्यावरील अन्यायाची तक्रार थेट समितीकडे नेऊ शकतो. अट एवढीच, की देशातले न्यायाचे मार्ग आधी चोखाळलेले असावेत. दक्षिण आफ्रिकेने १९९८ साली करार मान्य करतानाच ही मुभा दिली. भारताने ती दिलेली नाही.