ऱ्होड आयलंड : एका लहान राज्यातील उद्योगांचे स्थित्यंतर

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेच्या संघराज्यातील सर्वांत लहान राज्य होय. जलव्याप्त भाग वगळता त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी आहे. लोकसंख्या सुमारे ११ लक्ष. विस्तीर्ण शेतजमीन नाही, खनिजसंपत्तीही फारशी नाही. तरीही अमेरिकन कारखानदारीचा पाया येथेच घातला गेला. या राज्याचा औद्योगिक इतिहास सामान्यतः उदय आणि ऱ्हास अशा दोन टप्प्यांत सांगितला जातो. ही मांडणी अपुरी आहे, कारण येथील अनेक उद्योग आधीच्या उद्योगाच्या पोटातूनच जन्मले.

सॅम्युएल स्लेटर हा इंग्लंडमधील डर्बीशायरचा. तेथील सूतगिरणीत उमेदवारी करून तो १७८९ मध्ये अमेरिकेत आला. यंत्रांचे आराखडे आणि कुशल कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत, असे ब्रिटिश कायद्याचे बंधन होते. त्यामुळे त्याने सोबत आणली ती केवळ स्मरणातील विद्या. मोझेस ब्राऊन या व्यापाऱ्याच्या भांडवलावर पॉटकेट येथे डिसेंबर १७९० मध्ये पाण्याच्या शक्तीवर सूतकताई सुरू झाली आणि १७९३ मध्ये गिरणीची स्वतंत्र इमारत उभी राहिली. पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची मुले होती. पुढे संपूर्ण कुटुंबालाच कामावर घेऊन गिरणीच्या घरात ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

या आरंभाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. अमेरिकन बंदरांतून गुलामांच्या व्यापारासाठी आफ्रिकेकडे गेलेल्या जहाजांपैकी निम्म्याहून अधिक जहाजे ऱ्होड आयलंडची होती. मोझेस ब्राऊन स्वतः गुलामगिरीचा कडवा विरोधक. मात्र त्याच्या गिरणीस लागणारा कापूस गुलामांच्याच श्रमातून येत असे. पुढे येथील काही गिरण्यांनी दक्षिणेतील गुलामांसाठी जाडेभरडे कापड विणण्याचा खास धंदा केला. कच्चा माल आणि गिऱ्हाईक, दोन्ही एकाच व्यवस्थेतून मिळत होते. गिरणीच्या आतही शांतता नव्हती. वेतनकपात आणि वाढीव कामाच्या तासांविरुद्ध पॉटकेटच्या स्त्री विणकरांनी १८२४ मध्ये काम बंद केले. अमेरिकन कारखान्यांतील हा पहिला संप मानला जातो.

गिरण्यांना यंत्रे लागत आणि ती घडविणारे लोहार व सुतार येथेच तयार झाले. स्लेटरचा मेहुणा डेव्हिड विल्किन्सन याने १७९८ मध्ये स्क्रू कापणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. प्रॉव्हिडन्सच्या जॉर्ज कॉर्लिसने १८४९ मध्ये सुधारित वाफेच्या इंजिनाचे पेटंट मिळविले. त्याच्याच अजस्र इंजिनावर १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील यंत्रदालन चालले. ब्राऊन अँड शार्प ही संस्था अचूक मापन-उपकरणांसाठी प्रसिद्धी पावली. सोन्याचा मुलामा दिलेले स्वस्त दागिने आणि गोरहॅमची चांदीची भांडी हा प्रॉव्हिडन्सचा निराळा प्रवाह होता. तोही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयात मालापुढे क्षीण झाला.

कापडधंद्यास उतरती कळा लागली ती १९२० नंतर. दक्षिणेत मजुरी कमी, कामगार संघटना दुर्बल आणि कापूस जवळ. १९२२ च्या दीर्घ संपाने वेतनकपातीस विरोध केला, परंतु गिरण्यांचे स्थलांतर थांबले नाही.

आज आरोग्यसेवा, शिक्षण आणि न्यूपोर्टकेंद्रित पर्यटन यांवर राज्याचा भर आहे. उत्पादनक्षेत्र मात्र नामशेष झालेले नाही. क्वॉनसेट पॉइंटचा नौदलाचा हवाई तळ १९७४ मध्ये बंद झाला; त्याच जागी आता आण्विक पाणबुड्यांचे सांगाड्याचे भाग तयार होतात. ब्लॉक आयलंडजवळ डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील पहिला व्यापारी सागरी पवनऊर्जा प्रकल्प कार्यान्वित झाला. त्यात पाचच पवनचक्क्या असून क्षमता ३० मेगावॅट आहे.

स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र खेळण्यांचे आहे. हॅसनफेल्ड बंधूंनी १९२३ मध्ये प्रॉव्हिडन्स येथे गिरण्यांतील उरलेल्या कापडाचे तुकडे, म्हणजे आपल्याकडील कटपीस, विकण्यास प्रारंभ केला. त्या तुकड्यांनी मढविलेल्या पेन्सिलपेट्या, मग शालेय साहित्य, मग खेळणी असा क्रम लागून हॅसब्रो ही जगप्रसिद्ध कंपनी घडली व पॉटकेट हे तिचे मुख्य ठाणे झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने आपले मुख्यालय २०२६ अखेर बोस्टन येथे हलविण्याचे जाहीर केले. स्लेटरची गिरणी पॉटकेटमध्येच आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा ती भाग असून तेथे प्रेक्षकांना जुनी यंत्रे दाखविली जातात.